काचेच्या गोळ्यावरून ढगांचा हिशेब: कॅम्पबेल-स्टोक्स सूर्यप्रकाश मापक

पुण्यातील आमच्या गच्चीवर हा मापक गेल्या जूनपासून बसवलेला असून, रोज सूर्यास्तानंतर पट्टी बदलण्याचा नेम मी सहसा चुकवलेला नाही. सुमारे १० सेंटीमीटर व्यासाचा भरीव काचेचा गोळा, त्याच्यामागे धातूची वाटी आणि वाटीच्या खाचेत सरकवायची, तासांच्या खुणा असलेली निळी पट्टी, एवढाच याचा संसार आहे. गोळा ऊन एका बिंदूत गोळा करतो आणि ऊन असेल तितका वेळ पट्टीवर जळकी रेघ उमटत जाते. कॅम्पबेल यांनी १८५३ मध्ये लाकडी वाडग्यात पाण्याने भरलेला गोल ठेवला होता. १८७९ मध्ये स्टोक्स यांनी धातूची वाटी आणि पट्ट्यांची सोय केली आणि तीच रचना आजही टिकून आहे.

माझा मुख्य हेतू ढग मोजण्याचा होता. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात दिवसमान १२.८ तास असताना एका दिवशी जळालेली रेघ ३.२ तासांची भरली, म्हणजे ऊन पाव दिवस पडले आणि सूर्य पाऊण दिवस झाकलेला होता. ढग मोजताना आकाशाचे आठ भाग धरतात, त्या हिशेबाने हे ढग सरासरी सहा भाग होतात. मात्र उपकरणाला फक्त सूर्यापुढून जाणारा ढग कळतो, आणि विरळ, उंचावरचे तंतुमेघ असले तरी पट्टी जळतच राहते, त्यामुळे डोळ्यांनी घेतलेली नोंद सोडता येत नाही.

ऊन-सावलीच्या दिवशी खरी कसोटी लागते. अशा दिवशी सलग रेघेऐवजी कडा काळवंडलेले गोल ठिपके उमटतात आणि प्रत्येक ठिपका प्रत्यक्ष उन्हाच्या वेळेपेक्षा रुंद जळतो. ते जसेच्या तसे मोजले तर ऊन जास्त आणि ढग कमी दिसतात. म्हणून दोन-तीन ठिपके मिळून ०.१ तास धरण्याचा जागतिक हवामान संघटनेचा संकेत मी कटाक्षाने पाळतो. पावसात भिजलेली पट्टी उशिरा जळते, हा दोष मात्र हिशेबाने सुटत नाही.

विक्रेत्याने सुरुवातीला फक्त सरळ पट्ट्या पाठवल्या, ज्या मार्च आणि सप्टेंबरच्या आसपासच चालतात. उन्हाळ्याच्या लांब वक्र पट्ट्या मिळेपर्यंत जूनचे तीन आठवडे वाया गेले, याची मला अजून हळहळ वाटते. घेताना सरळ, उन्हाळ्याच्या लांब वक्र आणि हिवाळ्याच्या आखूड वक्र अशा तिन्ही प्रकारच्या पट्ट्या मोजून घ्याव्यात आणि वाटीचा कल आपल्या अक्षांशाला, पुण्यात साडेअठरा अंशांना, लावता येतो की नाही हे स्वतः पाहावे.