सेलवर ९८०० छापलंय? पैसे देण्याआधी वजन विचारा

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी आम्ही तिघींनी किल्ल्यांचा बोलका नकाशा करायला घेतला. प्लायवूडवर महाराष्ट्र, प्रत्येक किल्ल्यामागे टच सेन्सर. बोट ठेवलं की तिथला एलईडी लागणार आणि किल्ल्याची माहिती ऐकू येणार. आत ईएसपी३२ बोर्ड, म्हणजे हे सगळं चालवणारा छोटा प्रोग्रॅमेबल सर्किट बोर्ड. प्रदर्शनात टेबलाजवळ प्लग मिळेलच असं नसतं, म्हणून बॅटरीवर चालवायचं ठरलं.

सामान शोधताना इन्स्टाग्रामवर एक विक्रेता सापडला. सगळं एकाच ठिकाणी, विद्यार्थ्यांना सवलत, पैसे मात्र आधी यूपीआयने. बोर्ड आणि सेन्सर चांगले निघाले, त्यामुळे सेलबद्दल शंकाच आली नाही. १८६५० आकाराचे चार लिथियम सेल, ६०० रुपये, वर ठळक अक्षरांत ९८०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलची क्षमता).

जोडणी झाली आणि नकाशा मध्येच रीस्टार्ट व्हायला लागला. ‘रायगड ही स्वराज्याची’ एवढं ऐकू यायचं आणि आवाज तुटायचा. कोडच चुकलाय असं धरून दोन रात्री आम्ही तो उसवत बसलो. सिरियल मॉनिटरवर, म्हणजे बोर्डचे संदेश दाखवणाऱ्या लॅपटॉपवरच्या खिडकीत, ‘ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड’ असं लिहून येत होतं, म्हणजे व्होल्टेज खाली जातंय. पण पूर्ण चार्ज केलेले, एवढ्या मोठ्या क्षमतेचे सेल कमी पडतील हे पटेना. मैत्रीण तर रडकुंडीला आली होती, कारण कोड तिचा होता.

शेवटी पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या एका दुकानात गेले. काकांनी सेल नुसता तळहातावर तोलला आणि विचारलं, “वजन केलंस का गं याचं?” घरी आईच्या केकच्या काट्यावर ठेवला: २९ ग्रॅम. चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. काकांच्या टेस्टरवर क्षमता निघाली ७४० एमएएच.

१८६५० म्हणजे १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी. एवढ्या नळीत चांगल्या कंपन्यासुद्धा साधारण ३५०० एमएएच बसवतात. त्यामुळे ९८०० हा आकडा दिसला की पुढे बघूच नका. खात्री करायला सेल कापून तर अजिबात पाहू नका, लिथियम पेट घेतं.

विक्रेत्याला काट्याचा फोटो पाठवला. आधी म्हणाला, “चार्जर खराब असेल.” मग ब्लॉक केलं. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार केली तेव्हा बिल मागितलं. आमच्याकडे बिल नव्हतं, फक्त यूपीआयची पावती आणि चॅटचे स्क्रीनशॉट. तेच जोडलेत. अजून पैसे आलेले नाहीत.

नकाशा आम्ही ५ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालवला, एक्स्टेंशन बोर्ड घरून नेला. ते चार सेल ई-कचऱ्यात द्यायला बाजूला ठेवलेत, टोकांना चिकटपट्टी लावून, वर मार्करने ‘खोटे’ लिहून, म्हणजे पुढच्या वर्षी लॅबमधून कुणी चुकून उचलायला नको.