पडवीच्या छपरासाठी पत्रा: बांबूच्या चटईचा की पेयांच्या खोक्यांचा?

कोकणात पडवी किंवा गोठा शाकारायचा म्हटले की आजही अनेकांच्या मनात आधी सिमेंटचा पन्हळी पत्रा येतो. या पत्र्यात बहुधा ॲस्बेस्टॉस असते आणि कापताना किंवा भोक पाडताना उडणारे त्याचे तंतू फुप्फुसात गेल्यास कर्करोग होऊ शकतो. त्यामुळे तो पर्याय मी येथे विचारात घेतलेला नाही. उरलेल्यांपैकी दोन पत्रे पर्यावरणपूरक म्हणून विकले जातात. एक बांबूच्या चटईचा, तर दुसरा दूध आणि फळांच्या रसाच्या रिकाम्या खोक्यांपासून केलेला.

दोन्ही पत्र्यांची पारख त्यांच्या कापलेल्या कडेवर होते. बांबूच्या पत्र्याच्या कडेला विणलेल्या चटयांचे थर स्पष्ट मोजता येतात. या चटया फिनॉल-फॉर्माल्डिहाइड राळेत बुडवून, वाळवून, एकावर एक रचून पन्हळी साच्यात उष्णतेने दाबलेल्या असतात. ही राळ एकदा घट्ट झाली की पुन्हा वितळत नाही आणि पाण्यालाही चांगली टिकते. बंगळूरच्या भारतीय प्लायवुड उद्योग संशोधन आणि प्रशिक्षण संस्थेत विकसित झालेल्या या पत्र्यासाठी आयएस १५४७६ हे भारतीय मानकही आहे. खरेदी करताना त्याचा उल्लेख बिलावर मागून घ्यावा.

खोक्यांच्या पत्र्याची कड मात्र वेगळीच दिसते. राखाडी लगद्यात रुपेरी चकाकी असते आणि मधूनच एखादे छापील अक्षरही डोकावते. या खोक्यांत साधारण ७५ टक्के कागद, २० टक्के पॉलिथिलीन आणि ५ टक्के ॲल्युमिनियम असते. खोक्यांचा चुरा तापवून दाबला की आतले पॉलिथिलीनच वितळून सगळे सांधते, वेगळा गोंद लागत नाही. एरवी कचऱ्यात जाणारा, थर सुटे करायला अवघड असा हा माल स्वतःच्याच एका थराने बांधला जातो, ही मला या पद्धतीची सर्वांत मोलाची बाजू वाटते. शिवाय जुना पत्रा पुन्हा भरडून वापरता येतो. बांबूच्या पत्र्याला ती सोय नाही.

परंतु हेच पॉलिथिलीन उष्णतेपुढे कमजोर ठरते. ते ११० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, त्याच्या बरेच आधी मऊ पडते, आणि सतत भार असल्यास हळूहळू वाकते. त्यामुळे या पत्र्याखाली रिपा जवळजवळ माराव्या लागतात, आणि ज्या पडवीत चूल किंवा पाणी तापवायचा बंब आहे तेथे तो मुळीच घालू नये. बांबूचा पत्रा वितळत नसला तरी आगीत तोही जळतो, म्हणून धुराड्यापासून त्यालाही अंतर हवेच. उन्हाने बांबूचा पृष्ठभाग करडा पडून झिजतो आणि दर काही वर्षांनी त्याला रंगाचा हात द्यावा लागतो. वाळवी व भुंगेऱ्याविरुद्धची प्रक्रिया कारखान्यातच झाली आहे का, हेही विचारावे.

चूल नसलेल्या साध्या गोठ्याला खोक्यांचा पत्रा पुरेसा आहे. माणसांचा वावर असलेल्या पडवीला मात्र मी बांबूचाच सुचवेन. सिंधुदुर्गात माणगा बांबू बांधाबांधावर होतो. २०१७ च्या कायदाबदलानंतर वनक्षेत्राबाहेरचा बांबू कायद्याने झाड मानला जात नाही. या पत्र्याला मागणी वाढली तर बांबू लावणाऱ्या शेतकऱ्याच्या हातीही चार पैसे पडू शकतात.

पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडून वीतभर तुकडा मागून घ्यावा आणि दिवसभर पाण्यात बुडवून ठेवावा. कड चिमटीत फुगलेली लागली किंवा थर नखाने सुटू लागले, तर तो माल परत करावा. बसवतानाही भोक पन्हळीच्या उंचवट्यावरच पाडावे, त्यावर रबरी वॉशर घालावा आणि सुताराने कापलेली प्रत्येक कड रंगाने बंद करून घ्यावी, कारण आगोटीनंतर पाणी शिरते ते तेथूनच.