प्लॅस्टिकच्या शेततळ्यात लायसिन-मेथिओनीन, एक सीझन वापरून

तासगावकडं द्राक्षबागेसाठी केलेलं आमचं शेततळं आहे, प्लॅस्टिक कागदाचं, त्यात रोहू, कटला आणि थोडे सायप्रिनस (कॉमन कार्प) सोडलेत. खाद्य घरीच करतो, शेंगपेंड, सोयापेंड, भाताचा कोंडा. फिशमील म्हणजे मासळीची भुकटी परवडत नाही म्हणून टाकतच नाही. पावसाळा संपल्यावर त्यात लायसिन आणि मेथिओनीन ही दोन अमिनो ॲसिड (प्रोटीन ज्यांचं बनतं ते घटक) घालायला लागलो ते ऐन थंडीचे दिवस सोडून पार उन्हाळ्यापर्यंत चालू ठेवलं.

शेंगपेंडीत प्रोटीन भरपूर असतं पण ही दोन्ही कमी, सोयापेंडीत लायसिन बरं असतं तर मेथिओनीन तोकडं. माशाला दहा अमिनो ॲसिड खाद्यातूनच मिळावी लागतात आणि त्यातलं एक जरी कमी पडलं की बाकीच्यांचं मांस होत नाही, ती जळतात आणि अमोनिया होऊन कल्ल्यातून पाण्यात येतात. म्हणजे पेंडीचे पैसे पण गेले आणि पाणी पण नासलं. सरकी पेंड वापरणाऱ्यांनी तर जास्तच बघावं, त्यातलं गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य लायसिनला धरून ठेवतं.

मी १०० किलो खाद्याला ३०० ग्रॅम लायसिन आणि २०० ग्रॅम मेथिओनीन धरलं. नुसती पावडर वरून भुरभुरली तर मासा तोंड लावायच्या आत पाण्यात विरघळून जाते, म्हणून कोरड्या पिठातच नीट मिसळायची, गवारगम (गवारीच्या बियांचा चिकट डिंक) घालून मळायचं, मशीनमधून गोळी काढून सावलीत वाळवायची आणि वरून तेलाचा हात. मेथिओनीनला कुजक्या कोबीसारखा वास येतो, घरातले नाक मुरडतात, पण माल खराब नसतो, त्याचा वासच तसा. अजून एक, रोहू-कटल्याला पोट म्हणून वेगळं नसतंच, सरळ आतडं, त्यामुळं सुटं अमिनो ॲसिड पटकन रक्तात जातं आणि पेंडीतलं मागनं येतं. दोन्हीची गाठ पडावी म्हणून तेच खाद्य दिवसातनं तीनदा विभागून द्यायला लागलो, आणि माझ्या मते अर्धा फरक तिथंच पडला.

फेकजाळं टाकून बघितलं की आधी एका वयाचे मासे लहानमोठे निघायचे, आता बरेच एकसारखे आणि पाठीला भरलेले निघतात. खाद्याच्या ट्रेमध्ये उरतं कमी. पाणी तपासायच्या किटवर अमोनियाचा रंग पण पहिल्यापेक्षा फिका येतो. थंडीत मात्र काही उपयोग नाही, डिसेंबर-जानेवारीत मासा फारच कमी खातो तर अमिनो ॲसिड काय करणार, त्या दिवसांत मी बंदच ठेवलं.

पलूसला दाजींचं मातीचं तळं आहे, त्यांनी पण माझ्याबरोबर सुरू केलं आणि त्यांना काहीच फरक दिसला नाही. ते बरोबरच आहे. मातीच्या तळ्यात शेण पडतं, प्लवंग म्हणजे पाण्यातले बारीक जीव तयार होतात, तळाला अळ्या-किडे असतात आणि त्यात सगळी अमिनो ॲसिड आयती मिळतात. आमच्या कागदाच्या तळ्यात तळाला खायला काय असणार, मासा सगळा आपल्या खाद्यावर. तेव्हा मातीचं तळं असेल तर हे पैसे खताला आणि चुन्याला घाला.

घेताना एवढंच बघा, पिशवीवर नाव आणि टक्के छापलेले पाहिजेत. एल-लायसिन एचसीएल म्हणून जे मिळतं त्यात खरं लायसिन साधारण ७८ टक्के असतं, हिशोब त्यावर धरायचा. मला आधी एका दुकानदारानं 'अमिनो टॉनिक'ची बाटली दिलेली, तिच्यावर कुठलं अमिनो ॲसिड, किती, काही म्हणजे काही लिहिलेलं नव्हतं आणि विचारलं तर त्यालाही सांगता येईना. असली बाटली फुकट मिळाली तरी तळ्यात ओतू नका.