दिल्लीची चालकविरहित मेट्रो: एका सांगलीकराचा अभिप्राय

आईला कालकाजी देवीचे दर्शन घ्यायचे होते, म्हणून गोवा एक्स्प्रेसने दिल्ली गाठली आणि हौज खास स्थानकावरून मॅजेंटा मार्गाच्या मेट्रोत बसलो. देशातील पहिली चालकविरहित मेट्रो २८ डिसेंबर २०२० रोजी याच मार्गावर सुरू झाली. हे सांगताच आईने "अरे, मग गाडी हाकतंय कोण?" असे विचारून दांडी दोन्ही हातांनी धरली. डब्यातील बाकीची मंडळी मोबाईलमध्ये गुंग होती. चालक नसल्याचे त्यांच्या गावीही नसावे.

सेवा उत्तम आहे. ब्रेक लागताना हिसका बसत नाही आणि फलाटावरील काचेच्या दारांसमोरच गाडीची दारे येऊन थांबतात. प्रत्येक गाडीचा ठावठिकाणा रेडिओ संदेशांवरून यंत्रणेला सतत कळत असतो, त्यानुसार दोन गाड्यांमधील अंतर आणि वेग ठरतो, आणि नियंत्रण कक्षातील माणसे त्यावर लक्ष ठेवून असतात. हा मार्ग प्रवाशांसाठी खुला होण्याच्या काही दिवस आधी, डिसेंबर २०१७ मध्ये, कालिंदी कुंज डेपोतील एक गाडी भिंत फोडून बाहेर आली होती. परंतु तेव्हा चूक झाली ती ब्रेकची तपासणी न करता गाडी हलवणाऱ्या माणसांकडून. घाबरणाऱ्यांनी आणि यंत्राची भलामण करणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे.

आपल्याकडे अशा बस कधी येणार, असे परतल्यावर दोघातिघांनी उत्साहाने विचारले. मेट्रोचा रूळ बंदिस्त असतो, त्याच्या आड कोणी येत नाही. सांगलीच्या मारुती रोडवर मात्र हातगाडी, उलट्या दिशेने येणारी दुचाकी आणि मध्येच थांबून गप्पा मारणारे दोन स्नेही यांच्यातून वाट काढायची असते, आणि ती चालक बव्हंशी समोरच्याच्या डोळ्यांत पाहून काढतो. त्यामुळे मेट्रोवरचा विश्वास जसाच्या तसा बसवर चढवणे मला घाईचे वाटते.

आईची अडचण आणखी वेगळी निघाली. दोन स्थानके गेल्यावर तिची भीती मावळली, पण कंडक्टर नाही हे तिला शेवटपर्यंत पटले नाही. सांगली-मिरज बसमध्ये म्हातारे माणूस उतरेपर्यंत घंटी न देणारा कंडक्टर तिच्या हिशेबात चालकाहून मोठा. डब्यात मदतीसाठी बटण आहे आणि ते दाबल्यावर नियंत्रण कक्षाशी बोलता येते, हे मी तिला दाखवले. "त्या माणसाला मी दिसतीय का?" असे तिने विचारले. उत्तर मला ठाऊक नव्हते.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार गुण. आई चारच्या वर जायला तयार नाही.