छातीत दुखणारा रुग्ण: हार्ट, टिमी की ग्रेस?

हार्ट, टिमी आणि ग्रेस हे रुग्णाचा धोका गुणांत मोजणारे तीन स्कोअर. ईसीजीत एसटी (आलेखाचा एक भाग) उचललेली दिसली तर गुण मोजत बसू नये. आधी बंद रक्तवाहिनी उघडायची. स्कोअर निवडायचा प्रश्न उरतो तो बाकीच्यांसाठी.

दुखणं हृदयाचंच आहे का हेच ठरायचं असेल आणि रुग्णाला घरी सोडावं का हा पेच असेल, तर हार्ट. लक्षणांचं वर्णन, ईसीजी, वय, जोखीम घटक आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) यांना प्रत्येकी ० ते २ गुण. बेरीज ३ पर्यंत असेल तर पुढच्या सहा आठवड्यांत धोका कमी, ७ किंवा जास्त असेल तर बराच. गोची दोन ठिकाणी होते. एकच वर्णन एका डॉक्टरला किरकोळ वाटतं, दुसऱ्याला खास हृदयाचं. तिथेच दोन गुणांचा फरक पडतो. दुसरं ट्रोपोनिनचं. दुखायला लागल्यावर तासाभरात घेतलेला नमुना नॉर्मल येऊ शकतो, म्हणून तो पुन्हा घ्यायचा. आणि तरुण रुग्णाचं ट्रोपोनिन वाढलेलं असूनही बेरीज ३ च्या आत बसू शकते. अशाला घरी पाठवू नये, स्कोअर काहीही म्हणो.

एसटी न उचललेला हार्ट अ‍ॅटॅक नक्की झाला असेल, तर ग्रेस. त्यात भरायचं: वय, नाडी, वरचा रक्तदाब, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी), किलिप वर्ग (हृदय किती कमकुवत पडलंय याची श्रेणी), दाखल होताना हृदय बंद पडलं होतं का, एसटीतला बदल आणि ट्रोपोनिन. स्कोअर १४० च्या वर गेला तर अँजिओग्राफी साधारण २४ तासांत करण्याकडे कल असतो. आकडे दाखल होतानाचे भरायचे. बीटा ब्लॉकर (नाडी मंदावणारं औषध) दिल्यानंतरची नाडी घातली की धोका उगाच कमी दिसतो. क्रिएटिनिनचं एकक तपासा: १.२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे सुमारे १०६ मायक्रोमोल प्रति लिटर. वयाचं वजन इथे फार, त्यामुळे चाळिशीतल्या माणसाचा स्कोअर कमी येतो. पण औषधांनी दुखणं थांबत नसेल तर त्या आकड्यावर विसंबून वाट पाहायची नाही.

टिमी २००० सालचा. सात हो-नाही प्रश्न, कॅल्क्युलेटर लागत नाही, हाच त्याचा मोठा गुण. त्यात रक्तदाब, नाडी, क्रिएटिनिन काहीच नाही. फुप्फुसांत पाणी भरलेल्या आणि आरामात बसलेल्या रुग्णाला सारखेच गुण मिळू शकतात. संगणक हाताशी असेल तर ग्रेसच घ्यावा.