टेक शेअर, १७ महिने सांभाळल्यानंतर

नोव्हेंबर २०२१ मध्ये घेतला, म्हणजे बरोब्बर शिखरावर. त्याच महिन्यात नॅस्डॅक कंपोझिट, म्हणजे अमेरिकेतला टेक शेअरांचा भरणा असलेला निर्देशांक, १६,००० च्या वर बंद झाला होता. २०२२ संपेपर्यंत त्यातला जवळपास एक तृतीयांश भाग गळाला. कंपनीचं नाव देत नाही. सॉफ्टवेअर वर्गणीवर विकते, ग्राहक सहसा सोडून जात नाहीत. मी स्वतः ते सॉफ्टवेअर वापरतो आणि आवडलं म्हणून शेअर घेतला. कारण अगदीच तोकडं, पण आता लपवून काय उपयोग?

हिशेब सोपा व्हावा म्हणून पहिला खरेदीभाव १०० धरतो. १०० ला ४० शेअर घेतले. फेब्रुवारीत भाव ८० झाला तेव्हा 'स्वस्त मिळतोय' म्हणत आणखी २० घेतले. सरासरी ९३.३ वर आली आणि उगाचच बरं वाटलं. सरासरी उतरली म्हणून कंपनीचं काही सुधारत नाही, आपलेच आणखी पैसे त्याच जागी अडकतात. त्याच महिन्यात फेसबुकवाल्या मेटाचा शेअर एका दिवसात २६ टक्के कोसळला होता, आणि मी 'आपलं प्रकरण वेगळं आहे' म्हणून ती बातमी बाजूला सारली होती.

वर्षअखेरीला माझा शेअर ४४ वर होता. ५६ टक्के पडलेला भाव मूळ जागी यायला १२७ टक्के चढावा लागतो. हे गणित शाळकरी पोराला येतं, मला ते रात्री दोन वाजता पहिल्यांदा नीट कळलं.

गंमत अशी की धंदा पडलाच नव्हता. वर्षभरात प्रतिशेअर नफा ९ टक्क्यांनी वाढला होता. पण मी घेतला तेव्हा लोक त्या नफ्याच्या ५२ पट मोजत होते आणि आता २१ पट मोजायला लागले होते. सगळा खेळ तिथे झाला. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, मार्च २०२२ मध्ये व्याजदर वाढवायला सुरुवात केली आणि शून्याला टेकलेला दर डिसेंबरपर्यंत सव्वाचार ते साडेचार टक्क्यांवर नेला. याचा सॉफ्टवेअर कंपनीशी काय संबंध, असं मलाही वाटायचं. मग कागदावर मांडून पाहिलं. २० वर्षांनी मिळणाऱ्या १०० ची आजची किंमत २ टक्के दराने साधारण ६७ होते, ५ टक्क्यांनी ३८ च्याही खाली जाते. ज्या कंपनीचा बहुतेक नफा अजून भविष्यात आहे, तिला हा फटका सगळ्यात जोरात बसतो. आज भरपूर नफा हातात असलेल्या जुन्या कंपन्या त्या मानाने कमी हलल्या.

निकालांच्या रात्रींबद्दल लिहिलंच पाहिजे. बाजार बंद झाला की आकडे येतात. नफा अपेक्षेपेक्षा जास्त, भाव ४ टक्के वर, मी खूश. अर्ध्या तासाने व्यवस्थापन पुढच्या तिमाहीचा अंदाज सांगतं, 'ग्राहक निर्णयाला वेळ घेताहेत' एवढं एक वाक्य येतं आणि भाव ९ टक्के खाली. ॲप मी फोनच्या शेवटच्या पानावर, एका फोल्डरच्या आत ढकललं होतं. आठवड्याभरात अंगठ्याला तो रस्ता पाठ झाला. बायको स्क्रीन न बघता, माझं तोंड बघूनच विचारायची, "आज किती?"

कंपनीबद्दल खरी तक्रार वेगळी आहे. निकालाच्या पहिल्या पानावर 'समायोजित नफा' ठळक छापलेला असतो. त्यातून कर्मचाऱ्यांना दिलेल्या शेअरांचा खर्च वगळलेला असतो, जणू ते शेअर आभाळातून पडतात. बऱ्याच टेक कंपन्या हेच करतात. टिपांमध्ये खोल शिरल्यावर दिसलं की वर्षभरात एकूण शेअरांची संख्या ४ टक्क्यांनी वाढली होती. नफा खरं तर १३ टक्के वाढला होता, माझ्या वाट्याला ९ आले. हे वाचायला मला चौदा महिने लागले, आणि ते खरेदीच्या आधी वाचायचं असतं.

ते वाचूनही ५० च्या भावाला आणखी २० घेतले. या वेळी 'पडलाय' म्हणून नव्हे, तर नफ्याच्या २४ पट हा भाव मला पटला म्हणून. आता ८० शेअर, सरासरी ८२.५.

'धीर धरा, ॲमेझॉन बघा' हा सल्ला फार मिळाला. खरंय, १९९९ च्या शिखरापासून ॲमेझॉन ९० टक्क्यांहून जास्त पडला आणि सुमारे दहा वर्षांनी परत वर आला. इंटरनेटच्या जाळ्याची उपकरणं बनवणाऱ्या सिस्कोचं उदाहरण मात्र कोणी दिलं नाही. मार्च २००० मध्ये ती जगातली सर्वांत मूल्यवान कंपनी होती. पुढे तिचा नफा कितीतरी वाढला, तरी वीस वर्षं उलटल्यावरही तो भाव पुन्हा दिसला नव्हता. कंपनी टिकली, पण त्या भावाला घेणाऱ्यांचं आयुष्य वाट बघण्यात गेलं.

सगळ्यात जास्त नुकसान मला ॲपमधल्या 'खरेदीभाव' या रकान्याने केलं. माझे १०० माझ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हते, आणि मी मात्र प्रत्येक निर्णय त्यांना विचारून घेत होतो. याच घसरणीत दुसरा एक चांगला शेअर १२ टक्के नफ्यात विकून टाकला, निदान एकीकडे तरी हिरवं दिसावं म्हणून. शेफ्रिन आणि स्टॅटमन या संशोधकांनी १९८५ मध्येच या खोडीवर शोधनिबंध लिहिलाय: फायद्यातलं घाईने विकायचं, तोट्यातलं कवटाळून बसायचं. सेटिंगमध्ये जाऊन तो रकाना बंद करता येतो हे उशिरा कळलं. तो बंद केल्यावर 'कधी सुटणार' ऐवजी 'आज नव्याने या भावाला घेतला असता का' हा प्रश्न पडायला लागला.

धीराचं श्रेय मी फारसं घेणार नाही. या पैशांची मला पाच वर्षं तरी गरज नव्हती आणि एक पैसाही उसना नव्हता, म्हणून ४४ वर टिकलो. मार्जिनवर, म्हणजे दलालाकडूनच पैसे उसने घेऊन, घेतला असता तर माझ्या धीराला कोणी विचारलंही नसतं, दलालाने परस्पर विकला असता.

आज, एप्रिल २०२३ मध्ये, भाव ७१ आहे. सरासरीच्या १४ टक्के खाली. पुढचे निकाल आले की आधी शेअरांची संख्या बघणार. वर्षभरात ती पुन्हा ४ टक्के वाढलेली दिसली तर ८० पैकी ४० विकायचे, मग भाव ७१ असो की ८२.५. बायको म्हणाली, लिहून ठेव, नाहीतर त्या दिवशी कारणं सांगशील. ठेवलंय लिहून, तारखेसकट.