कार्ट्रिजवाला हाफ मास्क: थिनरला पुरतो, हार्डनरला नाही

मी पेंट शॉपमध्ये स्प्रे गन चालवतो. पूर्वी आम्हाला पांढरे कपासारखे मास्क मिळायचे. ते उडालेला रंग अडवतात, पण थिनरची वाफ त्यातून सरळ आत जाते. थिनरमधलं टोल्युइन, झायलीन हवेत वायू होऊन मिसळलेलं असतं, ते जाळीत अडकत नाही. त्याला सक्रिय कोळसाच लागतो, आणि आता मिळालेल्या हाफ मास्कच्या (नाक-तोंड झाकणारा रबरी मास्क) दोन्ही कार्ट्रिजमध्ये, म्हणजे बाजूला बसणाऱ्या बदलत्या डब्यांमध्ये, तो आहे. वर कण अडवणारा फिल्टर बसतो. हा वापरायला लागल्यापासून शिफ्टच्या शेवटी डोकं जड होणं, मळमळणं थांबलं. एवढ्यासाठी तरी मी हा घ्या म्हणेन.

मात्र तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे. दाढीचे खुंट असले तरी कडेतून हवा शिरते. घातल्यावर कार्ट्रिज तळहातांनी झाकायच्या आणि हळूच श्वास आत ओढायचा; मास्क चेहऱ्याला चिकटून राहिला तर बरोबर बसलाय. उकाड्यात नाकाखाली घाम साचतो, बोललेलं दुसऱ्याला नीट कळत नाही. तेवढं सोसावं लागतं.

कार्ट्रिज बाकावर उघडी ठेवून घरी जाणारे बरेच आहेत. अरे बाबांनो, कोळसा रात्रभर हवेतली वाफ आणि दमटपणा ओढतच असतो! काम झालं की झाकण असलेल्या डब्यात ठेवा. वास किंवा चव जाणवली की लगेच बदला. खरं तर त्याआधीच, ठरलेल्या वेळेला बदलायला हवी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग मारत असाल तर त्यातल्या हार्डनरमध्ये, म्हणजे रंग कडक करायला मिसळतात त्या दुसऱ्या भागात, आयसोसायनेट नावाचं घातक रसायन असतं. त्याचा वास येईपर्यंत हवेतलं प्रमाण धोक्याच्या पुढे गेलेलं असतं, म्हणजे कार्ट्रिज संपल्याचं नाकाला कळणारच नाही. यातून दमा जडतो, आणि एकदा जडला की अगदी थोड्या वाफेनेही छाती आवळते. त्या कामाला बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा, नळीवाला मास्कच मागा. कंपनीने हाफ मास्क पुढे केला तर रंगाच्या डब्याची सेफ्टी डेटा शीट (त्यातली रसायनं आणि धोके सांगणारा कागद) काढून दाखवा, मी तेच केलं.

आणि हात थिनरने धुऊ नका. ते कातडीतूनही शरीरात जातं, तिथे मास्क काय करणार?

खरेदी करणाऱ्यांनी तिन्ही मापं मागवावीत. आमच्याकडे सगळे मध्यम आले, आणि टचअपवरच्या बायकांना त्यातला एकही नीट बसत नाही.